भिंत कळल्याशिवाय घर सुचत नाही

वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातला ‘बांधकाम आणि तंत्रज्ञान’ हा विषय हलका करा, अशी मागणी हल्ली उघडपणे होऊ लागली आहे. ती परिसंवादांत ऐकू येते, शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते, आणि विद्यार्थी तर ती हक्काने करतात. मागणी करणाऱ्यांचे म्हणणे असे: मजबुतीची काळजी घ्यायला स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. पाणी, वीज, लिफ्ट यांचे सल्लागार वेगळे आहेत. साइटवर कंत्राटदार आहे, आणि बारीक तपशील सॉफ्टवेअर काढून देते. मग पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्लिश बाँड आणि फ्लेमिश बाँडच्या शीट काढायला लावून त्यांची उमेद का मारायची? आर्किटेक्टने अवकाशाचा, माणसांच्या वावराचा, शहराचा विचार करावा. बांधकाम पुढे नोकरीत शिकता येईल, आणि तसेही तंत्रज्ञान इतक्या झपाट्याने बदलते की आज शिकलेले उद्या जुने होणार.

हे म्हणणाऱ्यांत चांगले डिझाइन करणारे आणि ते मनापासून शिकवणारे लोक आहेत. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक मुद्द्याला मुद्द्यानेच उत्तर दिले पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे: बांधकाम ही डिझाइन संपल्यावर दुसऱ्या कुणी करायची गोष्ट मानली, की डिझाइनच अडाणी होते, आणि त्याची किंमत त्या इमारतीत राहणारा माणूस मोजतो.

पहिला मुद्दा इंजिनियरचा. ‘इंजिनियर बघून घेईल’ हे वाक्य आर्किटेक्टच्या ऑफिसात सर्रास उच्चारले जाते. पण इंजिनियरच्या टेबलावर नकाशा पोहोचतो तेव्हा मोठे निर्णय होऊन गेलेले असतात. इमारतीचा आकार ठरलेला असतो. खांब कुठे नकोत हे ठरलेले असते. तळमजला मोकळा ठेवायचा की भिंतींचा, वरचे मजले खालच्यापेक्षा किती पुढे काढायचे, जिना कोणत्या कोपऱ्यात घालायचा, हेही आर्किटेक्टनेच ठरवलेले असते. इंजिनियर त्या चौकटीत सळ्या आणि मापे बसवतो. चौकटच सदोष असली तर तो तिला फार तर महागडा टेकू देऊ शकतो.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने हे दाखवून दिले. केंद्र कच्छमध्ये होते, पण तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा सांगाडा सारखाच होता: तळमजला पार्किंगसाठी मोकळा, नुसते खांब; वरचे सगळे मजले विटांच्या भिंतींनी भरलेले. जमीन हलली तेव्हा वरचा भाग एखाद्या घट्ट पेटीसारखा एकसंध राहिला आणि सगळी हालचाल तळमजल्याच्या खांबांवर आली. खांबांची टोके फुटली आणि इमारत त्या एका मजल्यावर बसली. बांधकामाचा दर्जा, रिंगांमधले अंतर, काँक्रीट या सगळ्यांचा त्यात वाटा होता. पण तळमजला पोकळ आणि वरचे मजले भरीव, ही रचना कोणत्याही आकडेमोडीच्या आधी नकाशावर आलेली होती. पुढे २००२ साली भूकंपविषयक भारतीय मानकात अशा मऊ मजल्यासाठी वेगळी, कडक तरतूद झाली. तरीही पुण्या-मुंबईच्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहून पाहा, नुसत्या खांबांवर उभ्या इमारतींची रांग दिसेल. ज्या विद्यार्थ्याला भिंत नुसती जागा विभागत नाही, इमारतीला ताठही करते हे पहिल्या दोन वर्षांत कळले आहे, तो तळमजल्याचा नकाशा काढतानाच थबकेल. ज्याला ते कळलेले नाही, तो इंजिनियरकडे कागद पाठवून निर्धास्त झोपेल.

आता त्या बदनाम विटांच्या शीटबद्दल. इंग्लिश बाँड आजच्या काळात कोण बांधतो, असा प्रश्न उपहासाने विचारला जातो. मी त्याचे उत्तर किल्लारीत शोधायला सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसे झोपेत गाडली गेली. भूकंप सुमारे ६.२ क्षमतेचा होता. जगाच्या इतर भागांत एवढ्या धक्क्याने इतकी जीवितहानी होईलच असे नाही. माणसे मेली ती घरांमुळे. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, वर मातीचे जड माळवद. भिंत बाहेरून भक्कम दिसायची, पण ती एक भिंत नव्हतीच. आतला एक थर, बाहेरचा एक थर आणि मध्ये दगडगोट्यांचा आणि मातीचा भराव. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड घातलेले नव्हते. धक्का बसताच थर सुटले, भिंती फुगून फाकल्या आणि ढासळल्या. बऱ्याच घरांत आतले लाकडी खांब आणि तुळया मात्र उभ्या राहिल्या, कारण लाकडाचा सांगाडा जोडलेला होता.

बाँडच्या शीटमध्ये नेमके हेच शिकवायचे असते: आडवी वीट भिंतीच्या लांबीत धावते आणि उभी वीट भिंतीची जाडी बांधते. एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. कोपऱ्यात भिंती एकमेकींत गुंतवायच्या. हे तत्त्व विटेचे, दगडाचे, चिऱ्याचे आणि सिमेंट ब्लॉकचेही आहे. किल्लारीनंतर घरे बळकट करताना भिंतीत आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे दुवे घालायचे आणि दरवाजे-खिडक्यांच्या माथ्यावरून साऱ्या भिंतींना कवेत घेणारा पट्टा बांधायचा, हेच उपाय सांगितले गेले. तो भाग तेव्हाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. नकाशा चुकला तरी गुंतवलेली भिंत माणसाला बाहेर पडायला अवधी देते. ज्यांना बाँड कालबाह्य वाटतो, त्यांना तो शिकवण्याचे कारण कुणी नीट सांगितलेले नाही एवढेच खरे.

दुसरा मुद्दा सॉफ्टवेअरचा. सॉफ्टवेअर दोन रेषा काढून त्यांना भिंत म्हणते. त्या भिंतीवर पाऊस कोणत्या दिशेने येतो, ती कोण आणि कोणत्या क्रमाने बांधणार, याची तपासणी काढणाऱ्यालाच करावी लागते. साधे उदाहरण घ्या. समुद्रकिनाऱ्यावरच्या इमारतीला उन्हापासून आडोसा म्हणून काँक्रीटच्या पातळ उभ्या पट्ट्या देण्याची हौस सध्या आहे. संगणकावर त्या ७५ मिलिमीटरच्या छान दिसतात. पण आय.एस. ४५६ हे काँक्रीटचे मानक सांगते की खाऱ्या वाऱ्याला उघड्या असलेल्या भागात सळीवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे. दोन्ही बाजूंचे आवरण मिळूनच ९० मिलिमीटर होतात, सळ्या अजून धरलेल्या नाहीत. म्हणजे चित्रातली ती पट्टी नियमाप्रमाणे बांधताच येत नाही. साइटवर मग काय होते? कव्हर ब्लॉक गायब होतात, सळी पृष्ठभागाजवळ येते, चार-सहा पावसाळ्यांत तिला गंज चढतो. गंजलेले लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा मागते. काँक्रीट तडकते, पोपडे पडतात. रहिवासी कंत्राटदाराला शिव्या घालतात. मूळ चूक मात्र ७५ हा आकडा टाइप करणाऱ्या हाताची असते.

हीच गोष्ट पाण्याची. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या सभांत सर्वांत जास्त भांडणे गळतीवरून होतात. गच्चीच्या कोब्याला उतार किती, पॅरापेट आणि स्लॅबच्या कोनात वाटा नीट काढला आहे का, न्हाणीघराचा खाली उतरवलेला स्लॅब पाइप बसवण्याआधी वॉटरप्रूफ केला का नंतर, छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का, खिडकीच्या सिलला बाहेर ढाळ आहे का. या पाच-सहा गोष्टींवर एखाद्या कुटुंबाची पुढची वीस वर्षे कोरडी की ओली ते ठरते. सॉफ्टवेअरच्या तयार तपशिलांच्या पेटीत यांतले बरेच काही सापडेल, पण तो तपशील कुठल्या हवामानासाठी काढला होता हे पेटी सांगत नाही. नैऋत्येकडून आडवा झोडपणाऱ्या कोकणच्या पावसासाठी कोरड्या प्रदेशातली खिडकी उचलून लावली, तर ती गळणारच. निवड करायची तर आधी पाणी कसे वागते हे माहीत हवे, आणि ते वर्गात आणि पावसात उभे राहूनच कळते.

तिसरा मुद्दा सगळ्यांत भावनिक आहे: बांधकामाचे ओझे कल्पनाशक्ती मारते. आपल्याच देशातल्या उत्तम वास्तूंचा इतिहास याच्या अगदी उलट साक्ष देतो. १९७२ साली दिल्लीच्या प्रगती मैदानावर राज रेवाल यांनी अभियंते महेंद्र राज यांच्यासह हॉल ऑफ नेशन्स उभारला. एवढ्या मोठ्या, बिनखांबी दालनासाठी त्रिमितीय जाळीचा सांगाडा जगभर पोलादाचा करत. आपल्याकडे पोलाद महाग आणि दुर्मीळ, हाती होते ते सिमेंट आणि कामगारांचे हात. मग तोच सांगाडा काँक्रीटमध्ये, जागेवरच ओतून बांधायचा निर्णय झाला. त्या वास्तूचा जो रूपाकार जगाने वाखाणला, तो या अडचणीतून आणि तिच्या तांत्रिक उत्तरातून जन्मला. २०१७ मध्ये ती पाडली गेली, हा आपला करंटेपणा. पण ती सुचली कशी, हे विसरता येणार नाही.

लॉरी बेकर यांचे केरळातले काम घ्या. विटा उभ्या कडेवर रचून भिंतीच्या पोटात पोकळी ठेवणारी त्यांची आवडती रचना सुमारे चतुर्थांश विटा वाचवते आणि घर थंड ठेवते. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट ताण झेलत नाही, तो ताण सळ्या घेतात. मग तिथल्या बिनकामाच्या काँक्रीटऐवजी जुनी मंगलोरी कौले भरायची, ही युक्ती त्यांनी केरळात रुजवली. वाकणाऱ्या स्लॅबमध्ये दाब कुठे आणि ताण कुठे, हा दुसऱ्या वर्षाचा धडा पक्का असल्याशिवाय ती कुणाला सुचणार नाही. आणि तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या जाळीदार भिंतींतून येणारा उजेड पाहून बेकर यांच्यात कल्पनाशक्ती कमी होती, असे कुणी म्हणू धजणार नाही. आपल्या आचऱ्यात जन्मलेले आणि जे. जे. मध्ये शिकलेले अच्युत कानविंदे यांनी कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये वीट आणि काँक्रीट उघडे ठेवून जी भाषा घडवली, तीही साहित्याच्या जाणकारीतूनच आली. या सगळ्यांना साहित्य ठाऊक होते म्हणून साहित्याने त्यांना कल्पना दिल्या. ज्याला वीट ठाऊक नाही, त्याला कल्पना द्यायला उरतात फक्त इतरांच्या इमारतींचे फोटो.

चौथा मुद्दा: तंत्रज्ञान बदलते, म्हणून पायाभूत गोष्टी शिकून उपयोग नाही. बदल खरा आहे. मुंबईच्या उंच इमारतींत आता अॅल्युमिनियमच्या शटरिंगने भिंती आणि स्लॅब एकदम ओततात. सायपोरेक्ससारखे हलके ब्लॉक विटांची जागा घेत आहेत. पण याचा परिणाम काय झाला ते पाहा. एकसंध काँक्रीटच्या घरात खिडकी, नळ, वायरिंगचे पाइप, अगदी स्विचची जागासुद्धा साचा लागण्याआधी ठरावी लागते. विटेच्या भिंतीत मिस्त्री छिन्नी मारून चूक झाकायचा, इथे ती सोय नाही. म्हणजे या तंत्राने आर्किटेक्टकडून जास्त आणि लवकर बांधकामज्ञान मागितले. हलक्या ब्लॉकचेही तसेच. तो वाळताना आकुंचन पावतो, पाणी जास्त शोषतो. तो विटेसारखा भिजवून जाड मसाल्यात बसवला आणि काँक्रीटच्या खांबाशी जोडताना जाळी विसरली, की वर्षभरात खांबालगत उभी चीर दिसते. साहित्य आकुंचन पावते, पाणी खाली वाहते, लोखंड गंजते, भार जमिनीपर्यंत जायला वाट मागतो. हे नियम कोणत्याही नव्या उत्पादनाबरोबर बदलत नाहीत. नवे उत्पादन आले की याच नियमांवर त्याला तपासायचे असते, आणि हे नियमच शिकवले नाहीत तर आर्किटेक्टला विक्रेत्याच्या पत्रकावर विश्वास ठेवण्यावाचून पर्याय उरत नाही.

पाचवा मुद्दा: नोकरीत शिकता येईल. मला हा मुद्दा सर्वांत धोकादायक वाटतो. आपल्या देशात १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त पदवी मिळाली की नोंदणी मिळते. मध्ये स्वतंत्र परीक्षा नाही, साइटवर ठरावीक वर्षे घालवल्याचा दाखला नाही. नोंदणी झाली की ती व्यक्ती स्वतःच्या नावाने काम घेऊ शकते. म्हणजे तिला बांधकाम येते की नाही हे पाहणारी शेवटची जागा महाविद्यालय आहे. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे सत्र असते हे खरे, पण ज्या ऑफिसात जागा मिळेल तिथे विद्यार्थी बऱ्याचदा मंजुरीचे नकाशे आणि त्रिमितीय चित्रे काढत बसतात. शिवाय नोकरीत तरी शिकवणार कोण? साइटवर गेलेल्या नव्या आर्किटेक्टला प्रश्नच माहीत नसतील, तर तिच्यासाठी निर्णय मुकादम घेतो. स्लॅब सात दिवस तरी ओला ठेवला का, सहा मीटरच्या बीमखालचे टेकू चौदा दिवसांच्या आत काढले का, सळ्यांच्या दाटीत व्हायब्रेटरची सुई उतरली का, हे विचारायला ते आधी ठाऊक असावे लागते. अनुभव साठतो तो विचारणाऱ्याकडे.

इथे एक वेगळा आक्षेप येतो: इमारती अज्ञानाने पडत नाहीत, लोभाने पडतात. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. तिथे पुस्तकातले ज्ञान कुणाला वाचवणार होते, असे विचारले जाते. लोभ असतोच, आणि त्याचा बंदोबस्त कायद्याने व्हायला हवा. पण लोभ फावतो तो कुणीतरी डोळे असून पाहू न शकल्यामुळेही. वाळू मातकट आहे, काँक्रीट मधमाश्यांच्या पोळ्यासारखे भोकाळले आहे, रिंगा लांब-लांब आहेत, हे ओळखणारे आणि काम थांबवणारे डोळे प्रत्येक साइटवर हवेत. सही करणाऱ्याला ते ओळखता येत नसेल, तर त्याची सही लोभाच्याच कामी येते.

टीकाकारांचा एक मुद्दा मात्र पूर्णपणे बरोबर आहे. हा विषय आज बहुतेक ठिकाणी वाईट शिकवला जातो. फळ्यावरचे चित्र वहीत, वहीतले शीटवर, शीट फाइलमध्ये. सागवानी खिडकीचे जुन्या पुस्तकातले तपशील अजून पुन्हा पुन्हा काढले जातात. बांधकामाचे शिक्षक आणि डिझाइनचे शिक्षक एकमेकांच्या वर्गात फिरकत नाहीत. अशा शिकवण्याने उमेद मरते हे मलाही मान्य आहे. पण वाईट शिकवल्या जाणाऱ्या विषयाला काढून टाकणे हा उपाय असता, तर गणित शाळांतून कधीच गेले असते.

उपाय साधे आहेत आणि बरेचसे स्वस्तही. पहिल्या वर्षात प्रत्येक गटाने महाविद्यालयाच्या आवारात कमरेइतकी भिंत स्वतः बांधावी, ओळंबा आणि पाणसळ हातात धरून, आणि शिकवायला गवंडी मानधनावर बोलवावा. विद्यार्थ्यांनीच काँक्रीट मिसळावे, स्लम्प पाहावा, ठोकळे भरावेत आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी ते यंत्रात फोडून पाहावेत. एकात पाणी मुद्दाम जास्त घालावे. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणाचा धडा त्यानंतर कुणी विसरणार नाही. एकाच साइटला पायापासून गिलाव्यापर्यंत पुन्हा पुन्हा भेट द्यावी. एका दिवसाच्या सहलीत फक्त फोटो निघतात. जुलैत महाविद्यालयाच्याच इमारतीतली गळती शोधून तिचे कारण कागदावर काढावे. आणि सर्वांत महत्त्वाचे: दुसऱ्या वर्षापासून कोणतेही डिझाइन पायापासून गच्चीपर्यंतच्या भिंतीच्या मोठ्या मापातल्या छेदाशिवाय ज्युरीपुढे स्वीकारू नये. बांधकामाचा शिक्षक त्याच ज्युरीत बसावा. तिथे दोन्ही विषय एकत्र आले की विद्यार्थ्याला आपोआप कळेल की ते दोन विषय नव्हतेच.

अभ्यासक्रमाची पुनर्रचना करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: तास कमी करायचे असतील तर नक्कल करायच्या शीटचे करा, बांधकामाचे करू नका. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या महाविद्यालयात हे घडत नसेल तर वाट पाहू नका. जवळच्या साइटवर जा, मिस्त्रीला परवानगी विचारा, स्लॅब भरण्याचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभे राहून पाहा आणि न समजलेले प्रत्येक काम का केले ते विचारा. पदवी मिळाल्यावर कायदा तुम्हाला लोकांची घरे बांधायचा अधिकार देणार आहे. त्या अधिकाराच्या योग्यतेचे होणे ही तुमची जबाबदारी आहे, आणि तिची सुरुवात भिंतीपासून होते.